विशेष शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात आधी प्रश्न द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विशेष शिक्षकांसाठी होणाऱ्या बहुतेक ऑनलाइन प्रशिक्षणांचा साचा ठरलेला आहे. तज्ज्ञ दीड तास बोलतात, मजकुराने भरलेल्या स्लाइड सरकत राहतात, शेवटी दहा बहुपर्यायी प्रश्न येतात आणि संध्याकाळपर्यंत प्रमाणपत्र ईमेलवर येऊन पडते. स्वमग्नतेची लक्षणे, अध्ययन अक्षमतेचे प्रकार, वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचे रकाने, सगळे सांगून होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मूल वही फाडते. त्या क्षणी नेमके काय पाहायचे, काय लिहून ठेवायचे आणि पहिल्यांदा कोणती गोष्ट बदलून बघायची, हे मात्र त्या दीड तासात शिक्षकाला कुठेच भेटलेले नसते.

हा क्रम उलटा व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र. आधी शिक्षकांच्या छोट्या गटाला वर्गातला प्रश्न द्यावा, तोही अर्धवट माहितीसह. पुस्तकातले ज्ञान त्याच्या मागून, गरज लागेल तसे यावे. समस्याधारित शिक्षण म्हणतात ते हेच. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने १९६९ साली ते सुरू केले आणि १९७४ पासून नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने ते स्वीकारले आणि पुढे सात पायऱ्यांत बसवले. पद्धत डॉक्टर घडवण्यासाठी निघाली हे खरे, पण विशेष शिक्षकाचे काम त्या कामाच्या फार जवळचे आहे. समोरच्या मुलाकडे पाहून अंदाज बांधायचा, तो तपासायचा, चुकला तर सोडून द्यायचा. एकच निदान असलेली दोन मुले एकाच पाठाला अगदी वेगळा प्रतिसाद देतात, त्यामुळे निदानाच्या नावावरून पाठ ठरवता येत नाही.

या पद्धतीचे यश निम्म्याहून जास्त प्रश्न कसा लिहिला आहे यावर ठरते. ‘वर्गात शिस्त कशी राखावी’ हा प्रश्न नव्हे, तो निबंधाचा विषय झाला. पहिल्याच ओळीत निदान लिहून टाकणे ही तर नेहमीची चूक. ‘स्वमग्नता असलेली मुलगी’ एवढे वाचले की गटातले सगळेच शिक्षक स्वमग्नतेवरची माहिती शोधू लागतात आणि मुलीकडे पाहणे तिथेच थांबते.

चांगला प्रश्न टप्प्याटप्प्याने उलगडतो. एक नमुना सांगतो. पहिल्या टप्प्यात एवढेच द्यायचे: नऊ वर्षांची मुलगी दिवसातून दोन-तीनदा वही किंवा कागद फाडते, गेल्या महिन्यापासून प्रमाण वाढले आहे. शिक्षिका आधी समजावतात, ऐकले नाही तर पाच मिनिटे वर्गाबाहेर बसवतात. गटातून पहिले उत्तर बहुधा ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ असे येते. इथे सुलभकाने, म्हणजे उत्तर न सांगता गटाला विचार करायला लावणाऱ्या मार्गदर्शकाने, ना दुजोरा द्यायचा, ना खोडून काढायचे. ‘हे कशावरून म्हणता?’ आणि ‘हे चूक ठरवायचे असेल तर कोणती नोंद लागेल?’ हे दोनच प्रश्न विचारायचे. थोड्या वेळाने कुणीतरी घटनेआधी काय झाले आणि नंतर काय झाले याची नोंद मागते.

ती मागितली की दुसरा टप्पा द्यायचा. पाच दिवसांची नोंद: एकूण १४ घटना, त्यांतल्या ११ फळ्यावरून उतरवून घेताना, २ आपली पाळी येण्याची वाट पाहताना, १ तास बदलताना. तोंडी कामात आणि चित्रकलेत एकही नाही. १४ पैकी १२ वेळा कागद फाडल्यावर काम थांबले किंवा मुलगी बाहेर गेली. आता गटाला दिसते की फाडण्याने कामातून सुटका होते आणि वर्गाबाहेर बसवणे ही तिच्यासाठी शिक्षा नाहीच, हवी तीच गोष्ट मिळते. अशा वर्तनामागे साधारण चार हेतू शोधले जातात: कुणाचे लक्ष मिळवणे, काम टाळणे, हवी ती वस्तू किंवा कृती मिळवणे, आणि शरीराला मिळणारी संवेदना. आधी वाचून पाठ केलेले हे चार हेतू इथे पहिल्यांदा उपयोगाला येतात.

पुष्कळ गट इथेच थांबून उपाय लिहायला घेतात. त्यांना थांबू देऊ नये. काम टाळते हे खरे, पण हेच काम का? लिहिणे अवघड आहे, की फळा दिसत नाही, की नजर फळ्यावरून वहीवर आणताना ओळ हरवते? कुणी बसण्याच्या जागेबद्दल विचारले, तरच तिसरा टप्पा द्यायचा: महिन्यापूर्वी तिची जागा शेवटच्या बाकावर गेली, आणि तोच मजकूर कागदावर लिहून बाकावर ठेवला तर ती तो न फाडता उतरवते. मग पहिले काम म्हणजे डोळ्यांची तपासणी. कुणी विचारलेच नाही, तर तिसरा टप्पा दुसऱ्या बैठकीपर्यंत हातात ठेवावा. आपण काय विचारले नाही, हे उमगणे हाच या प्रश्नातला सगळ्यात मोठा धडा आहे. वर्तन अचानक बदलले की कान, दात, पोट, झोप, फिट्स, नवे औषध, दृष्टी आणि श्रवण यांची चौकशी आधी करायची, ही सवय व्याख्यानाने लागत नाही.

प्रश्न फक्त वर्तनाचेच नसावेत. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचाल आणि तोल यांवर होणारा परिणाम) असलेला मुलगा संवादफलकावरच्या चित्रांकडे बोट करत नाही, तेव्हा त्याला चित्रे कळत नाहीत असे समजण्याआधी तो कसा बसला आहे ते पाहावे लागते. पाय अधांतरी असतील, कंबरेला आधार नसेल, तर सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि हात उचलला जात नाही. तो उत्तराची जुळवाजुळव करत असताना शिक्षक दोन सेकंदांत पुढचा प्रश्न विचारून मोकळे होतात, हेही अशा प्रसंगाच्या चित्रफितीत स्पष्ट दिसते. दहा सेकंद थांबणे किती लांब वाटते, हे घड्याळ लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. वाचनाच्या प्रश्नात एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले याचा आलेख द्यावा. तीन उतारे, प्रत्येकी एक मिनिट, आणि तीन आकड्यांतला मधला धरायचा. सलग चार नोंदी अपेक्षित प्रगतीच्या रेषेखाली गेल्या तर शिकवण्याची पद्धत बदलायची. हा नियम पाठ असूनही दोन महिने तीच पद्धत चालू ठेवणारे शिक्षक असतात, कारण त्यांनी आलेख कधी स्वतः काढलेला नसतो.

आता प्रत्यक्ष बैठकीबद्दल. एका गटात पाच ते सात शिक्षक आणि एक सुलभक. आठाच्या वर गेले की दोघे-तिघे गप्प होतात, आणि ऑनलाइन गप्प राहणे फार सोपे. पहिली बैठक नव्वद मिनिटांची. त्यात सातपैकी पाच पायऱ्या होतात: न कळलेले शब्द स्पष्ट करणे, प्रश्न नेमका काय ते ठरवणे, सुचतील तितकी कारणे मांडणे, त्या कारणांची जुळणी करणे, आणि आपल्याला काय शोधून वाचावे लागेल ते लिहून काढणे. सहावी पायरी ज्याच्या त्याच्या अभ्यासाची, तिला सहा-सात दिवस. सातवी दुसऱ्या बैठकीत, पुन्हा नव्वद मिनिटे, आणि तिच्या शेवटी वर्गात करायचा आराखडा. समोर एकच सामायिक दस्तऐवज असावा, चार रकान्यांचा: माहीत असलेल्या गोष्टी, आपले अंदाज, शोधायच्या गोष्टी, करायच्या गोष्टी. तो लिहिणारा आणि चर्चा चालवणारा गटातलाच असतो, दर प्रश्नाला बदलतो. सुलभक लिहू लागला की गट त्याच्या तोंडाकडे पाहायला लागतो.

अभ्यास वाटून घेण्याची युक्ती हमखास फसते. सहा मुद्दे, सहा जण, प्रत्येकी एक. दुसऱ्या बैठकीत सहा छोटी भाषणे होतात आणि प्रत्येकाला फक्त आपला मुद्दा येतो. निदान दोन कळीचे मुद्दे सगळ्यांनी वाचावेत, उरलेले वाटून घ्यावेत. दुसरी अडचण घाईची. दहाव्या मिनिटाला कुणीतरी ‘वेळापत्रकाची चित्रे लावा’ असा उपाय सांगतो आणि चर्चा संपते. पहिल्या बैठकीत ‘करायच्या गोष्टी’ हा रकाना कुलूपबंद ठेवला तर ही घाई बरीच आटोक्यात येते.

ऑनलाइन माध्यमाकडे नाइलाज म्हणून पाहिले जाते, पण एक काम ते समोरासमोरच्या बैठकीपेक्षा चांगले करते, आणि ते म्हणजे निरीक्षण तपासणे. तीन मिनिटांची चित्रफीत सगळ्यांनी एकाच वेळी पाहायची. ‘आक्रमकता’ किती वेळा दिसली ते मोजायचे आणि सुलभकाने खूण केल्यावर सगळ्यांनी एकाच क्षणी आपला आकडा चॅटमध्ये टाकायचा, म्हणजे कुणी कुणाचे पाहून बदलणार नाही. एकाचे १२ आणि दुसऱ्याचे १५ आले तर लहान आकड्याला मोठ्याने भागून शंभराने गुणायचे: ८० टक्के. त्याहून कमी आले तर दोष बहुधा व्याख्येत असतो. ‘आक्रमकता’ ऐवजी ‘दुसऱ्याच्या शरीराला हाताने किंवा पायाने लागेल असा फटका’ असे लिहिले की आकडे जवळ येतात. एक खबरदारी मात्र घ्यावी. नुसती बेरीज जुळली म्हणजे दोघांनी त्याच घटना मोजल्या असे होत नाही, म्हणून प्रत्येक घटनेची वेळही टिपायला लावावी. हा सराव पाऊण तासाचा आहे, आणि वर्तनाच्या नोंदी ठेवण्यावरच्या पूर्ण दिवसाच्या व्याख्यानापेक्षा तो अधिक काही देऊन जातो, असे आमचे ठाम मत आहे.

दुसरा फायदा एकटेपणा कमी होण्याचा. बहिरेपण आणि अंधत्व दोन्ही असलेल्या मुलांना शिकवणारा शिक्षक आपल्या शाळेत बहुधा एकटाच असतो. त्याचा प्रश्न समजणारे सहकारी त्याला पडद्यावरच भेटू शकतात.

वर्गातला आराखडा हा प्रशिक्षणाचाच भाग धरायला हवा. आधी काहीही न बदलता निदान तीन, जमल्यास पाच दिवसांची नोंद ठेवायची. मग बदल करायचा, आणि एका वेळी एकच. वरच्या उदाहरणात जागा बदलणे, कागद बाकावर ठेवणे आणि ‘थोडे थांबू या’ असे सांगण्यासाठी दाखवायचे कार्ड शिकवणे हे तिन्ही एकाच दिवशी सुरू केले, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. दृष्टीची अडचण असेल तर जागा लगेच बदलावी हे उघड आहे, तिथे आलेखासाठी मुलीला ताटकळत ठेवायचे नाही. कार्ड शिकवताना मात्र एक चूक सगळीकडे होते. मूल एका तासात आठ वेळा कार्ड दाखवते, तिसऱ्या-चौथ्या वेळी शिक्षक ‘आता नाही’ म्हणतात, आणि मूल परत कागद फाडू लागते. त्याच्या दृष्टीने कार्ड चालले नाही, कागद चालला. सुरुवातीला प्रत्येक वेळी, लगेच आणि हसतमुखाने सुट्टी द्यावी. कार्ड पक्के झाल्यावर ‘अजून एक ओळ, मग सुट्टी’ असे हळूहळू वाढवावे.

फाडल्यावर मिळणारी सुटका बंद केली की पहिले काही दिवस फाडणे वाढू शकते. हे आधी सांगितलेले नसेल तर शिक्षक तिसऱ्या दिवशी उपाय सोडून देतात, आणि नेमके वाढलेल्या वर्तनाला फळ मिळते. जिथे मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करते, तिथे हा मार्ग गटचर्चेच्या भरवशावर मुळीच घेऊ नये. त्या कामातला जाणकार प्रत्यक्ष हजर हवा.

नव्या शिक्षकांबाबत एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ज्यांना विषयाची ओळखच नाही त्यांच्यापुढे मोकळा प्रश्न टाकला तर ते चाचपडतात, चुकीचे पक्के करतात आणि थकून जातात. कमी मार्गदर्शनाच्या पद्धतींवर शिक्षण-मानसशास्त्रात २००६ साली याच मुद्द्यावरून जोरदार टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. त्यावर तोड आहे. पहिला प्रश्न पूर्ण सोडवून दाखवावा, प्रत्येक निर्णयामागचे कारण लिहून. दुसरा अर्धा सोडवलेला द्यावा. तिसरा मोकळा. पाच-सहा वर्षे वर्गात काढलेल्या शिक्षकांना थेट मोकळा प्रश्न दिला तरी चालतो. दोघांना एकाच गटात कोंबू नये, अनुभवी बोलतात आणि नवे टिपून घेतात.

खर्च वाचवण्यासाठी एका सुलभकाकडे चाळीस जण आणि ब्रेकआउट रूम (मोठ्या ऑनलाइन बैठकीतल्या छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्या), असेही आता होऊ लागले आहे. सुलभक दर खोलीत चार मिनिटे डोकावतो. याला समस्याधारित म्हणू नये. सुलभकाला विषय येणे पुरेसे नाही, उत्तर ओठांवर आलेले असताना गप्प बसता यायला हवे, आणि त्यासाठी त्याला वेगळे तयार करावे लागते. निदान एक पूर्ण प्रश्न सदस्य म्हणून, एक दुसऱ्या सुलभकासोबत निरीक्षक म्हणून, मगच स्वतंत्र गट.

या क्षेत्राला न शोभणारी एक गोष्ट वारंवार दिसते: विशेष शिक्षकांचेच प्रशिक्षण, आणि अंध वा कर्णबधिर शिक्षकाला त्यात भाग घेता येत नाही. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) सहसा वाचू शकत नाही. चिकटचिठ्ठ्या लावायचे देखणे ऑनलाइन बोर्ड अनेकदा स्क्रीन रीडरला बंद असतात, म्हणून वर साधा सामायिक दस्तऐवज सुचवला. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची चौकट पडद्यावर कायम खिळवून ठेवावी लागते, नाहीतर दुसरे कुणी बोलले की ती नाहीशी होते. बोलण्याआधी नाव सांगणे, एका वेळी एकानेच बोलणे, चित्रफितीला सबटायटल्स असणे आणि त्यात दिसणाऱ्या कृतीचे शब्दांत वर्णन असणे, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ ला १ इतका फरक (कॉन्ट्रास्ट) असणे, हे सर्व पहिल्या दिवसापासून हवे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचे चोविसावे कलम सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणारे शिक्षक, अपंगत्व असलेल्या शिक्षकांसह, नेमण्याबद्दल स्पष्ट बोलते. त्यांना प्रशिक्षणाच्या दारात अडवून कसे चालेल?

इंटरनेट कमजोर असते, हे गृहीतच धरावे. चित्रफिती तीन-चार मिनिटांच्या, आधी उतरवून घेता येतील अशा. कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाजावर बैठक चालवता आली पाहिजे.

मुलांच्या चित्रफितींबद्दल मात्र सवलत नको. पालकांची लेखी संमती हवी, तीत कोण पाहणार, किती दिवस आणि कधी पुसणार हे लिहिलेले हवे. मुलाला कळेल अशा रीतीने त्यालाही विचारावे, आणि त्याने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली तर ते उत्तर मानावे. चेहरा धूसर केला तरी आवाज, गणवेश आणि मागच्या भिंतीवरचा फलक ओळख सांगतात. चित्रफीत कोणत्याही मोबाइल गटावर फिरता कामा नये. लिखित प्रश्नात नाव, ठिकाण, कुटुंबाचा तपशील बदलावा. पण वय, दृष्टी, औषधे, बसण्याची जागा अशा ज्यांवर विचार अवलंबून आहे त्या गोष्टी बदलल्या तर प्रश्नच खोटा होतो. त्यांमुळे ओळख पटत असेल तर दोन-तीन मुलांचे मिळून नवे उदाहरण रचावे.

वेळेचा हिशेब प्रामाणिक असावा. दोन बैठका, मधला आठवडा आणि वर्गातले तीन आठवडे धरले तर एका प्रश्नाला जवळपास पाच आठवडे लागतात. आठ आठवड्यांत बारा विषय ‘पूर्ण’ करणारा कार्यक्रम या पद्धतीने होणार नाही. एका प्रश्नाचे वर्गातले आठवडे चालू असतानाच पुढचा सुरू केला, तर दोन, फार तर तीन प्रश्न होतील. शिक्षकाला आठवड्याला सुमारे तीन तास आणि वर्गात रोज दहा मिनिटे नोंदीसाठी लागतात. हे तास शाळेने कामाच्या वेळेत द्यायला हवेत. रात्री नऊनंतरच्या बैठकीत थकलेला माणूस फक्त हजेरी लावतो.

राहिली परीक्षा. मॅकमास्टरमध्ये तिहेरी उडी नावाचा प्रकार वापरला गेला: अनोळखी प्रश्न देऊन आधी तोंडी विचार करायला लावायचे, मग शोधायला वेळ द्यायचा, मग काय बदलले ते सांगायला लावायचे. हा विशेष शिक्षकांना चपखल बसतो, कारण गुण मत बदलण्याच्या कारणांना मिळतात. त्याच्या जोडीला वर्गातला आलेख हवा: बदलाआधीच्या नोंदी, बदलाची उभी रेघ, नंतरचे तीन आठवडे. आणि उपाय ठरल्याप्रमाणे केला का, हे दाखवणारी दहा पायऱ्यांची पडताळणी यादी, सहकाऱ्याने भरलेली. दहापैकी पाचच पायऱ्या झाल्या असतील, तर उपाय फसला असे म्हणता येत नाही, तो झालाच नाही.

आलेखात सुधारणा दिसलीच पाहिजे, अशी अट मात्र घालू नये. तशी अट घातली की आकडे सुधारतात आणि मूल तिथेच राहते. उपाय चालला नाही, का चालला नाही याचा हा अंदाज, आणि पुढच्या सोमवारपासून हे बदलणार, असे लिहून देणाऱ्या शिक्षकाला प्रमाणपत्र जरूर द्यावे. ते शेवटच्या बैठकीच्या संध्याकाळी ईमेलने पाठवू नये. आलेख हातात येईपर्यंत, म्हणजे निदान तीन आठवडे, ते रोखून ठेवावे, अशी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे.

आपले,
विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करणारे काही जण